पुसलेला चंद्र

अजमानच्या फ्लॅटमध्ये यंदा इराने वडिलांना एकच नियम घातला होता: माझ्या मॉडेलला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी चारुदत्तने तिच्या ज्वालामुखीला थोडी मदत केली होती आणि तो परीक्षक यायच्या आधीच फुटला होता. यंदा निवड झाली तर दुबईच्या आंतरशालेय प्रदर्शनात जायचं होतं. पोर महिनाभर राबत होती.

नेमकं शाळेतल्या प्रदर्शनाच्या पहाटे धुळीचं वादळ येऊन गेलं. इथला माणूस वादळानंतर दात घासायच्या आधी फडकं घेतो. चारुदत्तने बाल्कनी पुसली, खुर्च्या पुसल्या, आणि कोपऱ्यात वाळत ठेवलेला प्लास्टरचा चंद्र तर पार तपकिरी झालेला. बिचाऱ्याने तोही पुसला. ओल्या फडक्याने, अगदी मायेने.

"अनुपमा, बघ कसा चकाचक झाला."

बायको मटकन खुर्चीत बसली. "अरे, ती धूळ नव्हती. तो प्रोजेक्ट होता."

चंद्रावर हवा नाही. सूर्याकडून येणारे कण आणि बारीक उल्का कोट्यवधी वर्षं थेट आदळतात, त्याने जुनी जमीन काळसर-तांबूस होते. ताजा खड्डा तेवढा उजळ दिसतो. इराने ते म्हातारपण कॉफीचे थर देऊन आणलं होतं. चारुदत्तने चहा उकळेपर्यंत चंद्र तरुण केला.

"कॉफी दे."

"संपली. सगळी त्यावरच लागली."

"मग काहीतरी तपकिरी दे ना, यल्ला, लवकर!"

घरात तपकिरी म्हणजे आईने पुण्याहून पाठवलेला गोडा मसाला. तो भुरभुरत असतानाच इरा आंघोळ करून बाहेर आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"खलास, बाबा," एवढंच म्हणून तिने चंद्र उचलला.

शाळेच्या हॉलमध्ये तिचं टेबल नेमकं एसीच्या झोताखाली. मसाला उडाला, परीक्षक शिंकत सुटले.

"बेटा, असली चाँद पे ये सब उडता क्यूं नहीं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

इराने मागे उभ्या वडिलांकडे पाहिलं. "नो एअर, सर. नो रेन. अँड नो बाबा."

परीक्षक पोट धरून हसले, आणि निवड शेजारच्या रोबोची झाली.

परतताना इरा मागच्या सीटवर चंद्र मांडीवर घेऊन बसली. गाडीवर वादळाची धूळ जाड साचली होती. चारुदत्तने समोरची काच तेवढी वायपरने साफ केली. फडकं डिकीतच राहू दिलं.