फणसाच्या वतीनं

पुंडलिकभाऊंनी उभ्या आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. अंगणात शिरलेल्या कुत्र्यालासुद्धा ते "जा रे बाबा, घरची वाट बघत असतील" असं सांगत. पण चंद्रग्रहण लागलं की हाच माणूस कमरेला ओला पंचा आणि खांद्यावर मुसळ अशा थाटात गोव्यातल्या इब्रामपूरच्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, घरोघर फिरायचा आणि लोकांची झाडं बडवायचा. लोक त्याबद्दल त्यांचे आभार मानत.

ही चाल ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात, आमच्या बोलीत गिराणात, मुसळानं ठोकतात. एकानं ठोकायचं आणि दरडावायचं, "धरतलस काय तोडू?" म्हणजे फळ धरणार आहेस की तोडू तुला? झाडाला वाचा नसते. म्हणून दुसऱ्या कुणीतरी बुंध्यामागं लपून झाडाच्या वतीनं गयावया करायची, "तोडू नको, तोडू नको, येत्या वरसाक धरतलंय!"

हा दुसरा म्हणजे मी.

तेव्हा मी पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. माझी निवड करताना भाऊंनी कारण स्पष्ट सांगितलं होतं. समोर कुणी ओरडला की "पुढल्या वर्षी नक्की करतो" हे इतकं खरं वाटेल असं म्हणणारा माणूस वाड्यावर दुसरा नव्हता. दिवसा साहेबापुढं आणि ग्रहणात भाऊंपुढं, माझं काम एकच होतं. फक्त आंब्या-फणसांपैकी बऱ्याच जणांनी शब्द पाळला.

भाऊ एरवी थोडी शेती करत, थोडं पंचांग सांगत आणि पुष्कळ बोलत. बोलणं सगळं ग्रहणाच्या भाषेत, लागणं म्हणजे स्पर्श आणि सुटणं म्हणजे मोक्ष. पाववाला पोदेर सकाळी वेळेवर आला नाही तर "पावाक वेध लागले." वीज अर्ध्या घरात असली आणि अर्ध्या घरात नसली तर खंडग्रास. सगळीकडची गेली तर खग्रास. कचेरीतल्या साहेबाची बदली झाल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले, "मोक्ष!" माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर ते बोहल्याजवळ आले आणि माझ्या कानात म्हणाले, "स्पर्श झालो. आता मोक्षाची घाई करू नको." हा आशीर्वाद होता की आणखी काही, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही.

त्यांचे नियम कडक होते. वेध लागले की जेवण बंद. दुधा-लोणच्यावर तुळशीचं पान. स्पर्शाला विहिरीवर आंघोळ, मोक्षाला पुन्हा आंघोळ, मधल्या वेळात जप. मुलं, म्हातारी माणसं आणि आतुर यांना खाण्यापुरती सूट. आतुर म्हणजे आजारी, असं भाऊ सांगत. मी दुसऱ्या अर्थानं आतुर असायचो, पण ती सूट मला कधी मिळाली नाही. एकदा मी शास्त्रार्थ काढला, "भाऊ, पावावर तुळस ठेवायची का?" त्यांनी गंभीरपणे विचार केला. म्हणाले, "पाव मुळातच आंबलेलो. त्याका गिराण आणखी काय करतला?"

"पण भाऊ, हा सगळा खटाटोप कशासाठी? राहू-केतू कुणी पाहिलेत?" असं मी कधीतरी विचारलंच. तेव्हा थोडंफार शिकलेल्या माणसाला असं विचारावं लागे.

"राहू-केतू गेले खड्ड्यात," भाऊ म्हणाले. "चंद्राक दुखणां आयलेला असता. शेजाऱ्याच्या घरात दुखणाईत आसा तर तू पान मांडून जेवत बसतलस? तो सुटापर्यंत त्याच्याबरोबर बसाचा. नाव घेवचा. तेवढाच."

"आणि झाडांना मारायचं ते?"

"मारणां न्हय ता. उठवणां."

उठवण्यात एकदा घोटाळाही झाला. ढगाळ ग्रहण होतं. वाटेवरचा रायवळ आंबा समजून भाऊंनी रस्त्याच्या दिव्याचा खांब बडवला. खांब बराच काळ नुसता उभा होता, दिवा कधी लागला नव्हता. "धरतलस काय तोडू?" भाऊ गरजले. मीही अंधारात मागून "धरतलंय, धरतलंय" म्हणून मोकळा झालो. पावसाळा संपायच्या आत त्या खांबावर दिवा लागला. खात्यानं केलेल्या कामाचं श्रेय खात्याला देणारा माणूस आजही आमच्या वाड्यावर सापडणार नाही.

मग मराठी-कोकणीचे दिवस आले. घराघरात वाद, तिठ्यावर सभा. कुणीतरी टूम काढली की झाडानं उत्तर कुठल्या भाषेत द्यावं, हे आधी ठरलं पाहिजे. मी सरकारी नोकर. मला बाजू घ्यायची परवानगी नव्हती. मी एका झाडामागून "धरतो" म्हणू लागलो आणि दुसऱ्या झाडामागून "धरतलंय". दोन्ही पक्षांनी मला शिव्या दिल्या. भाऊ म्हणाले, "झाड खंयच्या मातीतला? त्या मातीत येता तसा बोल. चंद्राक सगळी भास कळता." गोवा घटक राज्य झाल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा भाऊ उठून थेट विहिरीवर गेले. "गिराण सुटला, आंघोळ नको?" असा त्यांचा सवाल होता.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, भाऊंच्या मुसळाच्या टोकाला एक जुनं लुगड्याचं फडकं घट्ट गुंडाळलेलं असायचं. झाडाला लागायचं ते धप्प असं, उशी आपटल्यासारखं. मी समजत होतो की सोवळ्यातली काही भानगड असेल.

दुसरी गोष्ट, भाऊंच्या परसातला फणस. भाऊंची बायको सुमतीवयनी लग्न होऊन आली त्या वर्षी माहेराहून आणलेली आठळी तिनं स्वतः रुजवली होती. झाड झालं घराएवढं. फळ एकदाही धरलं नाही. त्या घरात मूलबाळही झालं नाही. आणि सगळ्या गावची झाडं उठवणारे भाऊ त्या एका झाडाला मुसळ लावत नसत. लोक चेष्टा करायचे, "भाऊनु, गावाक मार आनी घरच्याक लाड?" भाऊ म्हणायचे, "तो माझ्या सुतकातलो," आणि पुढं चालू लागायचे. याचा अर्थ कुणाला कळत नसे. अर्थ विचारायला कुणी थांबतही नसे.

भाऊंचा पुतण्या सगुण म्हापशाला राहायचा. त्यानं जुनी गाडी घेतली आणि त्याला गावच्या घराची आठवण झाली. परस सामायिक होतं. गाडीसाठी शेड हवी आणि शेडच्या जागी फणस. तो आला तोही नेमका ग्रहणाच्या दिवशी. चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता, म्हणून वेध दिवसभर, आणि भुकेनं सगळ्यांची डोकी फिरलेली. दिवेलागणीला परसात वाडा जमला. डोंगरामागून कुणीतरी चावा घेतल्यासारखा चंद्र वर आला. भाऊ विहिरीवरून निथळत आले. वयनी मागल्या दाराच्या पायरीवर जपाची माळ घेऊन बसली होती.

"काका," सगुण म्हणाला, "आज ह्या फणसाचा काय ता ठरवया. गावची झाडां उठयलंस. ह्याका एकदा मार. येत्या वरसाक धरलो तर ऱ्हवांदी. नाय तर करवतवालो बोलयतंय. फळां नाय तर फळये तरी गावतले."

फळये म्हणजे लाकडी फळ्या. चार माणसं हसली. खोटं कशाला सांगू, विनोद बरा होता. मीही हसलो.

"मारचो नाय," भाऊ म्हणाले.

"कित्याक? गावभर मारतंस आनी घरात वांझ झाड पोसतंस?"

पायरीवरची माळ थांबली. सगुणच्या ते लक्षात आलं नाही. त्यानं भाऊंच्या खांद्यावरून मुसळ उचललं. "तू नाय तर मी मारतंय. आनी ह्या फडक्यान काय झाड भियेतला?" असं म्हणून तो फडक्याची गाठ सोडायला लागला.

"फडकां सोडू नको!"

भाऊंचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. झाडांवर ओरडतानाचा तो आवाज नव्हता. सगुणचे हात जागच्या जागी राहिले.

भाऊ पुढं झाले. त्यांनी मुसळ परत घेतलं आणि गाठ पुन्हा आवळली. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "तेव्हा तुझो जन्म नाय. आमका लग्न होवन चार वर्सां झालेली. असांच गिराण. ह्याच परसात लोक जमलेले. माझ्या आवशीन, तुझ्या आजयेन, ह्या मुसळ तुझ्या काकीच्या पाठीर मारला आनी इचारला, धरतलस काय... लोक हसले." फडक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "आवशीच्या हातातसून मुसळ मी काढून घेतलंय. ता अजून कोणाच्या हातात दिवक नाय. गिराणात मुसळ माझ्याकडे आसला, की दुसऱ्या कोणाकडे नसता."

चार माणसांत मघाशी हसलेला मी, फडक्याकडं बघत राहिलो. सोवळ्याची भानगड नव्हती ती.

"पण तू इचार म्हणतंस, तर इचारतंय," भाऊ सगुणला म्हणाले आणि फणसाकडं वळले. मी सवयीनं धावत जाऊन बुंध्यामागं उभा राहिलो. भाऊंनी मुसळ बुंध्याला टेकवून ठेवलं. खोडावर तळवा ठेवला आणि अगदी हळू विचारलं,

"बरी आसस मा गो?"

माझ्यापाशी एकच पाठ केलेलं वाक्य होतं आणि ते या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शिवाय फणस पुल्लिंगी. भाऊंनी विचारलं होतं ते स्त्रीलिंगात. जो अर्ज आपल्या टेबलाचा नाही त्यावर शेरा मारायचा नसतो, एवढं कचेरीनं मला शिकवलं होतं.

उत्तर पायरीवरून आलं.

"बरी आसंय. तुमी आदी आंग पुसा. हींव लागात."

सगुण विहिरीवर गेला आणि काकाच्या मोक्षाच्या आंघोळीसाठी बाल्दी भरू लागला. फणस तोडायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. त्याची गाडी पुढं त्याच फणसाखाली उभी राहू लागली. न फळणारा फणस गाडीसाठी सगळ्यात उत्तम, टपावर काही पडत नाही, असं तो लोकांना समजावून सांगायचा.

त्यानंतर प्रत्येक ग्रहणाला गावची झाडं झाली की भाऊ शेवटी परसात यायचे, फणसाला तेच विचारायचे आणि पायरीवरून तेच उत्तर यायचं. मी बुंध्यामागं गप्प उभा असायचो. तिथं माझं काही काम नव्हतं, पण हजेरी लावायची सवय.

एका पावसाळ्यात सुमतीवयनी गेली. तापाचं निमित्त झालं. भाऊ ग्रहणाच्या भाषेतलं काही बोलले नाहीत. मोक्ष हा शब्द तर त्यांनी टाकूनच दिला.

पुढलं ग्रहण आलं. मला वाटलं, भाऊ बाहेर पडणार नाहीत. ते पडले. ओला पंचा, खांद्यावर मुसळ, सगळी झाडं नेहमीसारखी. शेवटी आम्ही परसात आलो. पायरीवर कुणी नव्हतं. मी बुंध्यामागं जाऊन उभा राहिलो. भाऊंनी मुसळ टेकवलं, खोडावर हात ठेवला.

"बरी आसस मा गो?"

पायरीकडून काही आलं नाही. भाऊ हात तसाच ठेवून उभे होते. पंच्यातून पाणी ठिबकत होतं. हा माणूस सकाळपर्यंत इथून हलणार नाही, हे मला दिसत होतं. मी घसा साफ केला.

"बरी आसंय," मी म्हणालो.

मग झाडाच्या पलीकडून भाऊंनी विचारलं, "आनी?"

"आनी... तुमी आदी आंग पुसा. हींव लागात."

पंचा पिळल्याचा आवाज आला. मग भाऊंचा.

"नक्कल बरी केलंस, कारकुना."