फुल स्पीडचे आप्पा

सोपानआप्पांच्या तोंडी जगातल्या प्रत्येक गोष्टीला एकच शब्द होता, फुल स्पीड. रस्सा तिखट झाला की "आज फुल स्पीड हाय." कुणाचं पोरगं वर्गात पहिलं आलं, फुल स्पीड. शेजारची म्हैस आटली, तर तीही "फुल स्पीड आटली". एकदा मयताला गेले आणि घरच्यांना धीर देत म्हणाले, "म्हातारीचं हाल न्हाई झालं बघा. फुल स्पीड गेली." रडणाऱ्या सुना पदराआड हसल्या.

नव्वदच्या दशकात तळेगाव ढमढेरे ते न्हावरे आम्ही दोघंही वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी भाड्याची जीप चालवायचो. एवढा फुल स्पीडचा माणूस, पण उसाची बैलगाडीसुद्धा त्यांच्या जीपला मागं टाकायची. माझी गाडी नवी, वर टेप लावलेला. पोचवायचो झटक्यात. तरी बाया माझ्या रिकाम्या जीपला वळसा घालून आप्पांच्या गाडीत कोंबून बसायच्या. माझा नुसता जळफळाट. त्यात आप्पा मलाच म्हणायचे, "तुझा धंदा फुल स्पीड हुईल बघ." तेव्हा तर अंगाची लाही लाही व्हायची.

एका बाजाराच्या दिवशी माझ्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. झक मारत आप्पांच्या जीपमध्ये बसलो. वडापात ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक माणूस बसवतात, ती दाराकडची जागा माझ्या वाट्याला आली.

न्हावऱ्याच्या अलीकडं उजव्या हाताला शेवंतीचा मळा आहे. तो आला तशी आप्पांनी गाडी जवळजवळ थांबवलीच. मागच्या बाकावरून रोजची सखूआजी माझ्यावर खेकसली, "ए, उतर की! मागं लटक."

"का? मी काय फुकट बसलोय?"

"त्येची लेक हाय तिथं. बायको गेली तवा मामानं पोरगी नेली, आन् ह्याला दार बंद केलं. मधी तू बसल्यावर कशी दिसंल?"

मी उतरून मागच्या फळीवर उभा राहिलो. रोज त्या जागेवरचा माणूस इथं न सांगता उतरत असणार. आप्पा दाराकडं सरकले. मळ्यात परकर-पोलक्यातली एक मुलगी फुलं तोडत होती. तिनं मान वर केली आणि एका हातानं ओचा सांभाळत दुसरा हात हलवला. आप्पांनी ना हॉर्न वाजवला, ना हाक मारली.

"वाढली की गं फुल स्पीड," एवढंच पुटपुटले. पुढं बराच वेळ त्यांना गिअर बदलायची आठवण राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवा पाटा बसवला. आप्पांचा हेवा त्यानंतर कमी झाला म्हणालो तर ते खोटं ठरेल. उलट वाढलाच. माझी लेक रोज माझ्यासमोर जेवायला बसते. पण माझ्यासाठी भर रस्त्यात आपली जागा सोडून उतरणारं माणूस मला अजून मिळालेलं नाही.