बहात्तरावं मिनिट

एगॉनच्या टीव्हीवर एगॉनचाच चेहरा अडकला होता आणि काही केल्या तो हलायला तयार नव्हता. रिमोटची सगळी बटणं दाबून झाली होती. डिस्क बाहेर काढायचं बटण दाबलं की प्लेअर आतल्या आत दोनदा खरखरे आणि गप्प बसे. पडद्यावर एकोणीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर होतं. एगॉनची वहिनी रिग्मोर खळखळून हसत त्याच्या केसांत अडकलेली पाइनची काडी काढत होती, आणि पन्नाशीतला एगॉन तिच्याकडे बघत होता. कसा बघत होता ते सांगायला नको. ज्याला डोळे आहेत त्याला एका नजरेत कळलं असतं. एगॉननं जन्मभर जे कुणालाही कळू दिलं नव्हतं, ते बेचाळीस इंची पडद्यावर रंगीत आणि स्वच्छ दिसत होतं.

डिस्क त्याच्या थोरल्या भावानं, हाल्फदाननं, घरच्या कॉम्प्युटरवर केलेली होती. रिग्मोरला जाऊन या नोव्हेंबरात वर्ष होणार होतं. हाल्फदाननं टेलिफोनच्या तारा जोडण्यात हयात घालवलेली. दुःख कसं करायचं ते त्याला माहीत नव्हतं, पण जोडणी माहीत होती. त्यानं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची जुनी व्हिडिओ टेप काढली, तिची नव्वद मिनिटांची डीव्हीडी केली, चौदा प्रती बर्न केल्या, प्रत्येकीवर रिग्मोरच्या फोटोचं गोल लेबल चिकटवलं आणि नातेवाइकांत वाटल्या. त्या दिवशी पहाटे शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे दारात हिरव्या फांद्यांची कमान उभारून गाणी म्हटली होती, ते सगळं त्यात होतं. फक्त हाल्फदान नव्हता. कॅमेरा नवा घेतलेला, त्यामुळे स्वतःच्या समारंभात त्याचा एक अंगठा तेवढा अधूनमधून दिसे. शेजाऱ्यांना कडू दारूचे पेले द्यायला तो बाहेर गेला, तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरातल्या फळीवर चालूच राहिला होता. घात तिथं झाला.

"एगॉन! आहेस का?" मागच्या दारातून आवाज आला. लेमविगसारख्या छोट्या गावात भावाकडे कुणी बेल वाजवून जात नाही. बूट काढत, वाऱ्याला शिव्या देत हाल्फदान आत येत होता.

एगॉननं गुडघ्यावर बसून टीव्हीची वायरच उपटली. हाल्फदान खोलीत आला तेव्हा तो भिंतीशी, हातात प्लग धरून उभा होता.

"काय करतोयस?"

"धूळ पुसतोय."

"प्लगनं?" हाल्फदान पिशवी घेऊन खुर्चीत कोसळला. या वर्षात तो फार वाळला होता. "अरे, माझं डोकं फिरायची वेळ आलीय. कुणाकडे धड चालत नाहीये ती डिस्क. कार्नाकडे अडकते. बिर्गिटकडे अडकते. माझ्याकडे मात्र लोण्यासारखी चालते. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय तेच कळेना. आणि कुणी सरळ सांगत नाही! बिर्गिटला विचारलं, कितव्या मिनिटाला अडकते गं? तर म्हणते, लक्ष नाही दिलं बाबा. कार्नाला विचारलं, समोर काय दिसत होतं? म्हणते, भिंत. अरे, भिंतीचं शूटिंग मी कशाला करीन?"

एगॉनच्या तोंडचं पाणी पळालं. कार्ना ही दोघांची थोरली बहीण आणि बिर्गिट हाल्फदानची मुलगी. त्या दोघींच्या घरी भिंत म्हणून काय अडकलं असेल ते त्याला लख्ख दिसलं.

"तुझ्याकडे काय झालं?" हाल्फदाननं विचारलं.

अडकते म्हणावं, तर तो म्हणणार, लाव बघू. म्हणून एगॉन म्हणाला, "माझ्याकडे? छान चालते की."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. सुंदर झालीय."

हाल्फदान हळूहळू ताठ बसला. कित्येक महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर इतकं तेज कुणी बघितलं नव्हतं. "तुझ्या या प्लेअरवर? अरे, हा सगळ्यांत नखरेल! महागडे सगळे असेच असतात, घरी बनवलेल्या डिस्ककडे बघून नाक मुरडतात. यावर चालते म्हणजे डिस्कमध्ये दोष नाही. दोष त्यांच्या प्लेअरमध्ये!" त्यानं भावाचा दंड दाबला. "तू सुटका केलीस माझी. मला वाटत होतं, एवढंसुद्धा मला तिच्यासाठी नीट करता आलं नाही."

एगॉनला हे ऐकून रडू आलं असतं, पण त्याला ती सवय नव्हती. अंत्यविधीलाही तो रडला नव्हता. दिराच्या वाट्याला जेवढी मान खाली घालणं येतं तेवढीच त्यानं घातली होती. त्याला बायको नव्हती, पोरं नव्हती. मासळीबाजारातली वजनकाट्यावरची नोकरी संपली तेव्हा सोबतीही संपले. उरला होता हा एक भाऊ. त्यानं ते चित्र बघितलं तर तोही उरणार नव्हता.

पुढचे दोन आठवडे हाल्फदान एगॉनचं नाव घेऊन घरोघर फिरला. कार्नाच्या प्लेअरची काच साफ केली. बिर्गिटसाठी दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्क आणून नव्यानं बर्न केल्या, आधी प्लस जातीच्या, मग मायनस जातीच्या. कार्नानं सुचवलं, "ते लेबल काढ की रे. कागद गरम होऊन फुगत असेल. डिस्क आतून बाहेर वाचत जाते ना? मग काठाशी आलं की हेलकावत असणार."

"तिचा फोटो काढून टाकू?" हाल्फदान म्हणाला, आणि विषय तिथंच मिटला. कार्नानं गुपचूप आपल्या डिस्कचं लेबल साबणाच्या पाण्यात भिजवून बघितलं. ते अर्धंच निघालं आणि डिस्क कपड्यांच्या मशीनसारखी धडधडायला लागली.

आणि मग, जे होणार ते झालंच. हाल्फदानचा फोन आला.

"एगॉन, ठरलं. वर्ष होतं त्या रविवारी सगळे तुझ्याकडे जमतो. दुपारी दोनला. तुझ्याकडेच ती नीट चालते, तर तुझ्याकडेच बघू. कार्ना केक आणतेय. तू फक्त कॉफी कर."

"माझ्याकडे? खुर्च्या कुठायत एवढ्या?"

"खुर्च्या मी आणतो. अरे, सगळ्यांना एकदा ती पूर्ण बघू दे. माझी तेवढीच इच्छा आहे."

एगॉननं खूप विचार केला. घर जाळावं असंही एकदा मनात येऊन गेलं. पण भावाचंच एक वाक्य त्याच्या कामी आलं. महागडे प्लेअर नखरेल असतात, म्हणजे स्वस्तातले नसणार. सोमवारी तो सायकलवरून, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडत, सुपरमार्केटात गेला आणि तिथला सगळ्यांत हलका, सगळ्यांत कुरूप प्लेअर घेऊन आला. महागड्या प्लेअरमध्ये अडकलेली डिस्क त्यानं तारेनं उचकटून काढली आणि नव्यात घातली. त्या डबड्यानं डिस्क गिळली ती थेट शेवटीच बाहेर काढली. कुठं खरखर नाही, कुठं अडखळणं नाही. बहात्तराव्या मिनिटाला रिग्मोर हसली, काडी काढली गेली, एगॉनचा चेहरा पापणी लवावी तसा आला आणि गेला. नुसतं बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. त्यानं डबडं टीव्हीखालच्या कपाटात दडवलं, रिमोट पोचावा म्हणून कपाटाचं दार बोटभर उघडं ठेवलं आणि महागडा प्लेअर वर, त्याचा नुसता दिवा पेटता ठेवून, शोभेला बसवला.

रविवारी अकराजण आले. ओले कोट पलंगावर रचले गेले. बाहेर आभाळ इतकं उतरलं होतं की दुपारीच मेणबत्त्या लावाव्या लागल्या. सगळे वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्यांवर केकच्या बशा मांडीवर घेऊन बसले, आणि एगॉनच्या लक्षात आलं की कुणीही त्याच्याकडे बघत नाहीये. कार्ना छताकडे बघत होती. बिर्गिटनं त्याच्या हातातून कॉफीची किटली घेतली तीसुद्धा खाली मान घालून.

"एगॉनकाका," ती हळूच म्हणाली, "चालते ना नक्की? कुठंच थांबत नाही ना?"

"नाही गं."

"देव पावला," बिर्गिट म्हणाली.

"डिस्क आत घातलेलीच आहे," एगॉन मोठ्यानं म्हणाला, कपाटाकडे पाठ करून बसला आणि पाठीमागे लपवलेल्या रिमोटचं बटण दाबलं. पहाटेचा अंधार आला. कमान आली. गाणं म्हणणारे शेजारी आले. त्यांतले निम्मे आता कब्रस्तानात होते. रिग्मोर घरातल्या झग्यावर दारात येऊन तोंडावर हात ठेवून उभी राहिली. कुणीतरी नाक शिंकरलं. हाल्फदान पडद्याकडे बघतच नव्हता. तो घड्याळ हातात घेऊन वरच्या महागड्या प्लेअरकडे कौतुकानं बघत होता. एगॉनला मनातून बरं वाटलं. भाऊ नेहमी मशीनकडेच बघतो. आयुष्यभर त्याचं तेच होतं.

सत्तर मिनिटं झाली. एकाहत्तर. खोलीतले सगळे काटे एकदम बशीवर टेकले. आणि नेमका हाल्फदान उठला, महागड्या प्लेअरचा रिमोट उचलून म्हणाला, "हां, आता इथं बघा," आणि त्यानं बटण दाबलं.

चित्र थांबलं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. रिग्मोर हसली, काडी निघाली, सगळं निघून गेलं आणि शेजारी पेले उंचावायला लागले. हाल्फदाननं रिमोट उलटा करून बघितला. मग त्यानं महागड्या प्लेअरवर तळहात ठेवला. मशीन चालू आहे की नाही ते तारा जोडणाऱ्या माणसाला हातानंच कळतं. ते थंडगार होतं. तो सावकाश गुडघ्यावर बसला आणि त्यानं कपाटाचं दार उघडलं.

बराच वेळ तो त्या डबड्याकडे बघत राहिला. मग त्याचीच बटणं दाबून त्यानं चित्र मागे नेलं आणि थांबवलं. स्वयंपाकघर, रिग्मोर, काडी, आणि एगॉनचा चेहरा.

"इथं अडकत होती," हाल्फदान म्हणाला. "कार्ना, बरोबर? बिर्गिट?"

कार्नानं केकचा भलामोठा घास तोंडात घातला.

एगॉन उभा राहिला. "हाल्फदान, देवाशपथ सांगतो, कधीच काही..."

"खाली बस," हाल्फदान गुडघ्यावरूनच म्हणाला. "टेप चार तासांची होती. त्यातनं नव्वद मिनिटं मी काढली. हा तुकडा काय आपोआप येऊन बसला? पहिल्यांदा ती टेप बघितली तेव्हाच मी बघितलं. एकोणीस वर्षं झाली."

"मग ठेवलास कशाला?"

"पुसणार होतो. रिग्मोर म्हणाली, नको पुसूस, एगॉन एवढा बरा कधीच दिसत नाही." तो पडद्याकडे वळला. "आणि तिचं हसणं बघ. मी खोलीत असलो की हातात काहीतरी यंत्र. असं हसताना दुसरीकडे कुठं सापडली नाही ती मला. चार तास शोधली."

बिर्गिट उघड रडत होती. एगॉनला वाटलं, आता बोलावं, जे जन्मभर बोललो नाही ते सगळं. पण हाल्फदान कपाटाचा आधार घेत उठला होता आणि त्याचा चेहरा आता लालबुंद झाला होता.

"ते सगळं मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण 'छान चालते' म्हणालास! तोंडावर! तुझ्या शब्दावर मी लोकांच्या प्लेअरमध्ये दोष काढत गावभर हिंडलो! बिर्गिटचा चांगला प्लेअर फेकायला लावला! एवढं खोटं, एगॉन? सख्ख्या भावाशी?"

त्यानं आपला कोट ओढून काढला, त्याबरोबर इतरांचे चार खाली पडले, आणि तो मागच्या दारानं निघून गेला. खुर्च्या तो न्यायला आला नाही, त्या बिर्गिटनं नेल्या.

ख्रिसमस आला आणि गेला. हाल्फदान बोलला नाही. जे हातचं जाऊ नये म्हणून एगॉननं एवढा खटाटोप केला ते गेलंच होतं, आणि खटाटोपापायीच गेलं होतं. संध्याकाळी चार वाजताच काळोख होई. तो काळ्या पावावर हेरिंगचा तुकडा ठेवून एकटाच खाई आणि टीव्ही लावत नसे.

जानेवारीच्या अखेरीस टपालानं पाकीट आलं. आत एक डिस्क. कोरी, लेबल नसलेली. सोबत चिठ्ठी, टेलिफोन खात्याच्या जुन्या कागदावर. 'सगळ्यांत कमी वेगानं बर्न केली आहे. फोटो काढून टाकला. तुझ्या खऱ्या प्लेअरवर लाव आणि काय होतं ते फोन करून कळव.'

एगॉननं खऱ्या प्लेअरवर लावली. समोर स्टूल ओढून बसला. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. रिग्मोर हसली, त्याचा चेहरा पापणी लवावी तसा आला आणि गेला. मशीन हूं की चूं न करता शेवटपर्यंत चालत राहिलं. डिस्क निर्दोष होती. हाल्फदाननं अखेर जमवलं होतं. आता दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि त्या विचारानं एगॉनला इतकं उदास वाटलं की तो तसाच बसून राहिला. मग त्यानं फोन लावला.

"हं," पलीकडून आवाज आला.

"लावली."

"मग?"

एगॉननं प्लेअरकडे बघितलं. "अडकते," तो म्हणाला.

पलीकडे हाल्फदानच्या रिकाम्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"कमी वेगानं केलीय," हाल्फदान म्हणाला. "लेबल नाही. अडकायचं काही कारण नाही."

"अडकते खरी."

"खरं सांगतोयस?"

"खरं."

हाल्फदाननं एक मोठा सुस्कारा सोडला. "मग फोनवर काय कळणार," तो म्हणाला. "रविवारी येतो. तोवर मशीनला हात लावू नकोस."