पीचच्या शेडमधलं बॉम्बर

"बर्निसबाई, विमानवाहू जहाजाचा इंच न् इंच मला पाठ आहे! झोपेतून उठवून विचारा!" लायमन हॅचर छाती फुगवून म्हणाला.

आणि ते खोटं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या त्या शेडमध्ये युद्धाआधी पीच डबाबंद व्हायचे. तिथं दोन वर्षं राबून त्यानं नौदलासाठी हे प्रायोगिक बॉम्बर बांधलं होतं. जहाजावरच्या लिफ्टचं माप त्यानं जमिनीवर खडूनं आखलं होतं आणि त्या रेघेवर पाय देणाऱ्यावर तो खेकसायचा. आज ॲडमिरल पेटिग्रू तपासणीला आले होते. पंख नीट दुमडले आणि विमान सोमवारी धावपट्टीवर पोचलं, तर उड्डाण. नाहीतर सगळी मेहनत भंगारात!

"दहा सेकंदांत दुमडतात बघा, साहेब!" लायमननं खटका ओढला.

पंख ऐटीत वर गेले. आणि धाड्! दोन्ही टोकं छपराच्या तुळईवर आदळली. वीस वर्षांची धूळ ॲडमिरलांच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर उतरली.

"जहाजाच्या हँगरची उंची किती?" ॲडमिरलांनी शांतपणे विचारलं.

"साडेसतरा फूट, साहेब!"

"आणि या शेडची?"

लायमननं मान वर करून तुळईकडे पाहिलं. जोडणीप्रमुख बर्निसबाईंनीही. आजवर पंख बाहेर अंगणात, ठोकळ्यांवर ठेवून तपासले होते. शेड मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"मग पंख पसरूनच बाहेर काढा."

"दारातून जात नाही, साहेब. सुटे भाग आत आणून जोडलं ना..."

"म्हणजे हे कुठल्याही जहाजात मावेल, फक्त इथून निघणार नाही?"

लायमनला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात बर्निसबाई चाकापाशी उकिडव्या बसल्या. फुस्स! मग दुसरं चाक. फुस्स! विमान चांगलं वीतभर खाली बसलं. पंख पुन्हा वर गेले आणि तुळईखाली दोन बोटं जागा राखून दुमडले! ॲडमिरलांसकट सगळ्यांनी रेटून ते बाहेर काढलं. लायमननं आनंदानं बर्निसबाईंना मिठीच मारली.

ॲडमिरलांनी टोपी झटकली. "नमुना पसंत! सोमवारी उडवा. आणि आणखी चौदा बांधायला घ्या. इथंच! जागा मोक्याची आहे."

लायमननं मागं वळून शेडकडे पाहिलं. त्यानं डोक्याला हात लावला.

"घाबरता काय, लायमनसाहेब?" बर्निसबाई म्हणाल्या. "हवा भरायचे पंप तेवढे जास्तीचे मागवा!"