नेनेसाहेबांचे सुप्रीम कोर्ट

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या गणेशोत्सवातून नेनेसाहेबांचे भाषण मी एकट्याने कापले आणि 'कमिटीचा निर्णय आहे' असे त्यांना सांगितले. मंडळाचा सेक्रेटरी या नात्याने केलेली ही लबाडी मी बरीच वर्षे पोटात ठेवली.

नेनेसाहेब रंगाच्या कंपनीत केमिकल इंजिनिअर. पण इतर लोक क्रिकेटचा स्कोअर ठेवतात तसा ते सुप्रीम कोर्टाचा ठेवत. जून महिन्यात, म्हणजे निकालांच्या मोसमात, ते कोणाच्या लग्नालाही जात नसत. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांचा मला ऑफिसात फोन आला.

"पाच विरुद्ध चार! हरलो!"

"कोणाची केस, नेनेसाहेब?"

"तुमची-माझी! राष्ट्राध्यक्षाने सरकारी काम म्हणून काहीही केलं, तरी त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही म्हणे!"

"पण तुम्ही तर ग्रीन कार्डवर आहात."

"भोगायला ग्रीन कार्ड चालतं हो!"

पुढे ते भाजीच्या दुकानातही लोकांना अडवू लागले. "खुर्चीत बसून केलं की पाप लागत नाही? मग आमचे बापजादे उगाच काशीला गेले!"

आदल्या गणपतीत 'सरकारचे अधिकार' या विषयावर ते इतके बोलले होते की मोदक गार झाले आणि मुले टेबलांखाली झोपी गेली. आता तर घाव ताजा होता. मी घाबरलो, नाव कापले. ते एवढेच म्हणाले, "कमिटीनं ठरवलं ना? मग मान्य." राष्ट्राध्यक्षाला जी सूट द्यायला हा गृहस्थ तयार नव्हता, ती त्याने मला न मागता दिली.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे अठ्ठ्याऐंशीत, ते बर्फीचा पुडा घेऊन दारात उभे.

"सात विरुद्ध एक! नववे न्यायमूर्ती बाजूला राहिले. सरकारातल्या बड्यांच्या चौकशीला स्वतंत्र वकील नेमता येतो. घटनेला धरून आहे! घ्या, तोंड गोड करा."

"लेकीला कळवलंत?" त्यांची लेक शिकागोला वकिली करते.

"आधी तिलाच. चांगलं तासभर बोललो." मग पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत ते हळू आवाजात म्हणाले, "ही गेल्यावर आम्हा बापलेकीत बोलायला विषयच उरला नव्हता. ती लॉ शिकत होती, म्हणून मीही निकाल वाचायला लागलो. त्या वर्षी माझं भाषण ऐकायला मुद्दाम येणार होती. मी कळवलं, राहू दे. असो. कमिटीनं विचार करूनच ठरवलं असणार."

बर्फी माझ्या हातातच राहिली.

"नेनेसाहेब," मी म्हणालो, "कमिटी बसलीच नव्हती. तुमचं नाव मी कापलं. माझं चुकलं. मला माफ करा."