टिपणीसकाकांचा रुंद टीव्ही

टिपणीसकाका कुणाच्या घरी गेले की हातात पाण्याचा पेला यायच्या आत खिशातून स्टीलचा टेप काढत आणि त्या घरातल्या टीव्हीची रुंदी मोजत.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी लग्न होऊन नुकतीच अंबरनाथला आले होते. आमच्याकडे नवा कोरा वीस इंची टीव्ही आला, पेढे वाटून झाले आणि समोरच्या दारातून एक किडकिडीत गृहस्थ आत आले. पेढा तोंडात टाकला, टेप खर्रकन ओढला आणि काचेवर आडवा धरला.

"वीस इंच म्हणून घेतलात ना?"

"हो," आमचे हे अभिमानाने म्हणाले.

"फसलात. रुंदी सोळा आहे, उंची बारा. वीस आहे तो कर्ण. हे लोक कर्ण मोजून विकतात! उद्या कुणी तुम्हाला साडी तिरकी मोजून विकली तर घ्याल?"

ह्यांचा चेहरा पडला. मी शाळेत गणित शिकवते. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, सोळाचा दोनशे छप्पन्न, बेरीज चारशे, वर्गमूळ वीस. मी नकळत मोठ्याने म्हणाले, "बरोबर आहे की!" त्या क्षणापासून टिपणीसकाकांनी मला त्या बिल्डिंगमधली एकमेव सुशिक्षित व्यक्ती मानायला सुरुवात केली.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगतो," ते जाता जाता म्हणाले, "कर्णावर जाऊ नका. आणि त्यांनी कोपरे गोल करून खाल्लेत, त्याचा हिशेब तर मी धरलाच नाही."

काका एका मशिनच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्य सरळ रेषा ओढण्यात गेलेलं. भिंतीवरचं कॅलेंडर किंचित कललेलं असेल तर त्यांना समोरच्याचं बोलणं ऐकू येत नसे. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र टीव्ही नव्हता. पैसे होते, हौस होती, गच्चीवर अँटेनासाठी पाइपसुद्धा रोवून ठेवला होता. पण टीव्ही नव्हता, कारण त्यांना हवा होता तो अजून निघायचा होता.

कारखान्याच्या लायब्ररीत एक परदेशी मासिक यायचं. त्यात त्यांनी जपानमधल्या एका नव्या टीव्हीचा फोटो पाहिला होता. त्याचं कात्रण कायम त्यांच्या खिशातल्या डायरीत असे. फोटोत एक लांबट पडदा आणि त्यात एक फूल, बस.

"बघा," ते बोट ठेवून सांगत. "आपल्या टीव्हीत सहाशे पंचवीस ओळी, ह्याच्यात अकराशेच्या वर. फुलाच्या पाकळीवरची शीर दिसते. आणि आकार पाहिलात? सोळाला नऊ! आपला चाराला तीन, म्हणजे जवळजवळ डबाच. अहो, देवाने माणसाला दोन डोळे शेजारी शेजारी दिलेत. एकावर एक दिले असते तर हा डबा चालला असता."

"मग कधी मिळणार तो?" कुणीतरी विचारायचं.

"येतोय. दोन-तीन वर्षांत येतोय."

हे ते पंच्याऐंशी साली म्हणत, अठ्ठ्याऐंशी सालीही म्हणत.

रविवारच्या सिनेमाला आमच्या घरात बिल्डिंग जमायची. काका कधी बसत नसत, दारात उभे राहत. सिनेमास्कोप चित्रपट असला की सुरुवातीच्या नावांच्या वेळी पडद्यावरची माणसं उंच आणि बारीक दिसायची. "हिरो आजारी होता वाटतं," असं कुणी म्हटलं की काकांना राहवत नसे. "आजारी नाही, चेपलाय! एवढा रुंद माणूस ह्या डब्यात कसा मावेल?" नावं संपली की हिरो धडधाकट व्हायचा, पण मग त्याच्याशी बोलणारी बाई पडद्याबाहेर जायची. नुसतं नाक आत. काका कळवळून म्हणत, "आख्खी बाई कापली हो!"

आणि एका रविवारी भलतंच झालं. चित्र सुरू झालं तेच मुळी वर आणि खाली जाड काळे पट्टे घेऊन. मधे चिंचोळी खिडकी आणि तिच्यात सिनेमा. गलका उडाला. ह्यांनी टीव्हीच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. तिसरी मारणार तेवढ्यात काका चपला न काढता आत धावले आणि टीव्हीला पाठीशी घालून उभे राहिले.

"हात लावू नका! आज पहिल्यांदा बरोबर दाखवतायत!"

"अहो, अर्धा टीव्ही काळा आहे!" हे ओरडले.

"असू दे काळा. चित्र पूर्ण आहे. त्या बाईची वेणी बघा, त्या टोकाचा टांगा बघा. काही म्हणजे काही कापलेलं नाही!"

"पैसे आख्ख्या टीव्हीचे दिलेत, टिपणीस!"

लोक कुरकुरत उठून गेले. काका त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे खाली बसले आणि शेवटच्या पाटीपर्यंत सिनेमा पाहिला. सिनेमा टुकार होता. काका मात्र देवळातून बाहेर पडल्यासारखे गेले.

त्यानंतर त्यांनी शोकेस करायला टाकलं. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये लछमनदास नावाचे एक सिंधी दुकानदार होते. कपाटं, पंखे, टीव्ही, सगळं विकायचे. काकांनी त्यांच्यासमोर ड्रॉइंग पसरलं. चांगलं मोठं शोकेस, मधोमध टीव्हीसाठी बत्तीस बाय अठरा इंचांचा कप्पा. रुंदी-उंची अगदी सोळाला नऊ.

"साईं, टीवी कौनसा है? डब्बा दिखाओ, नाप ले लूँगा," लछमनदास म्हणाले.

"टीवी अभी आया नहीं है."

"कब आएगा?"

"दो-तीन साल."

लछमनदासांनी चष्मा काढून पुसला. "साईं, लोग टीवी के लिए शोकेस बनवाते हैं. आप पहले आदमी हो जो शोकेस के लिए टीवी ढूँढ रहे हो."

शोकेस आलं. त्याच्या मधोमध ते मोठं आडवं भोक. वांगणीला दिलेल्या त्यांच्या मुलीचे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वाटलं, टीव्ही दुरुस्तीला गेलाय. पुढे दर भेटीत ते सहानुभूतीने विचारत, "आला का हो दुरुस्त होऊन?" आणि काका तितक्याच गांभीर्याने सांगत, "येतोय."

त्या कप्प्यात काही ठेवायला काकूंना सक्त मनाई होती. "टीव्हीची जागा आहे ती." काकू रोज सकाळी रिकामा कप्पा पुसत. काका कामावर गेले की त्यात हळूच पापड वाळायला ठेवत आणि पाचच्या भोंग्याला उचलत. एकदा बिल्डिंगमधल्या मांजरीने तिथे तीन पिल्लं घातली. आता काका काय करतात म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून. काकांनी पिल्लांकडे पाहिलं, आत जाऊन आपला जुना बनियन आणला आणि खाली सारला. "डोळे उघडेपर्यंत राहू देत," म्हणाले. ते तीन आठवडे त्या शोकेसला जेवढे प्रेक्षक लाभले तेवढे आमच्या टीव्हीला कधी लाभले नाहीत.

काकू टीव्ही पाहायच्या त्या आमच्याकडे. दुपारच्या मालिका सुरू झाल्या आणि माझी शाळा सकाळची, त्यामुळे आम्हा दोघींचं छान जमलं. एका मालिकेत घरातून निघून गेलेली एक सून होती. काकूंचा तिच्यावर भारी जीव. पण त्या सोफ्यावर कधी बसल्या नाहीत. दाराजवळ पाट घेऊन बसायच्या, आणि मालिका संपता संपता, "ह्यांचा डबा घासायचाय," असं काहीतरी पुटपुटत उठायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, "काकू, साधा टीव्ही घ्या म्हणावं की काकांना."

"ह्यांचा येतोय ना," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. "त्यांनी इतकी वाट पाहिलीय, आता मधेच दुसरा आणला तर त्यांना कसं वाटेल?"

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची ओरड झाली. खालच्या नळावरून भरलेली बादली आणताना जिन्यात काकूंच्या कमरेत अशी काही चमक भरली की त्या तिथेच बसल्या. त्यांना आम्ही खुर्चीत घालून वर नेलं. डॉक्टर म्हणाले, मणका सरकलाय. सहा आठवडे अंथरूण सोडायचं नाही. पाठीवर निजवेना, डाव्या कुशीवर कळ पायात उतरे. उजव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन, तेवढंच काय ते सोसायचं. आतल्या खोलीत, भिंतीकडे पाठ करून काकू पडून राहिल्या.

काकांनी नोकरीत कधी न घेतलेली रजा घेतली. पोळ्या लाटू लागले. मला म्हणाले, "व्यास जमतो, जाडी जमत नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आमटी घेऊन गेले तर काकूंनी हळूच विचारलं, "अगं, त्या सुनेचं पुढे काय झालं?"

मी सांगितलं. पण मी पडले गणिताची बाई. माझी गोष्ट तीन वाक्यांत संपते. "ती परत आली. सासूने दार उघडलं नाही. मग पाऊस पडला."

"आणि ती रडली का?"

"रडली असेल. मी तेव्हा कुकर बंद करायला उठले होते."

काकू चादरीचा काठ बोटांनी सरळ करत राहिल्या. स्वयंपाकघराच्या दारात काका हातात लाटणं घेऊन उभे होते. ते कधीपासून उभे होते कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ह्यांना म्हणाले, "जरा उल्हासनगरला येता का बरोबर? उचलायला माणूस लागेल." पुढचं मला ह्यांनी सांगितलं. काकांना पाहून लछमनदास हसत हसत म्हणाले, "आओ साईं, टेप निकालो, पूरी दुकान नापो." काकांनी टेप काढला नाही. एवढंच म्हणाले, "कोई भी दे दो. जो आज चालू हो जाए." लछमनदासांचं हसू थांबलं. त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून वरच्या फळीवरचा एक चौदा इंची पोर्टेबल खाली काढला. रिक्षात काका तो खोका मांडीवर घेऊन बसले. वाटेत ह्यांनी विचारलं, "मग तुमच्या रुंद टीव्हीचं काय?" काका बाहेर बघत म्हणाले, "खड्डा आलाय, धरा त्या बाजूने."

टीव्ही आतल्या खोलीत स्टुलावर ठेवला. अँटेनाची वायर खिडकीतून आत घेतली. मालिकेची वेळ झाली, चित्र आलं, आम्ही सगळे काकूंकडे पाहू लागलो. काकू कुशीवर आडव्या. त्यांनी मान वळवून सरळ करायचा प्रयत्न केला आणि "आई गं" म्हणून पुन्हा उशीवर टेकवली.

"दिसतंय ना?" काकांनी विचारलं.

"दिसतंय हो. छान आहे." मग त्यांना हसू फुटलं. "सगळे आडवे पडलेत, एवढंच. सासूसुद्धा."

काका पलंगाजवळ आले. मग जमिनीवर गुडघे टेकून त्यांनी आपलं डोकं काकूंच्या उशीच्या कडेला आडवं ठेवलं आणि तिथून टीव्हीकडे पाहिलं. चांगला मिनिटभर पाहिलं. उठले, टीव्ही बंद केला आणि त्याला उचलून चक्क एका कुशीवर निजवला. टीव्हीचं डोकं उशीच्या दिशेला.

"अहो काका, गरम होऊन बिघडेल!" मी ओरडले.

"हवेची भोकं मोकळी ठेवतो," म्हणत त्यांनी खाली लाकडाचे दोन ठोकळे सारले. मग कपाटातून बुडबुड्याची लेव्हल आणली, टीव्हीवर ठेवली, एका ठोकळ्याखाली पोस्टकार्डाची घडी घातली आणि बुडबुडा मधोमध आल्यावरच बटण दाबलं.

आता आमच्या दृष्टीने सगळी माणसं भिंतीवरच्या पालींसारखी आडवी चालत होती. काकूंच्या दृष्टीने मात्र सगळं सरळ होतं. त्या टक लावून पाहू लागल्या.

पुढचे सहा आठवडे त्या घरातला टीव्ही असाच चालला. डॉक्टर आले की बातम्या ऐकता ऐकता त्यांची मान आपोआप उजवीकडे जायची. मी जायचे तीही मान वाकडी करूनच. काका रोज दुपारी पलंगाशेजारी सतरंजी घालून, हाताची उशी करून, त्याच कुशीवर पडत. मालिकेला एकदाही नावं ठेवली नाहीत. फक्त अधूनमधून विचारत, "ही कोण?" आणि काकू कौतुकाने सगळी नाती समजावून सांगत.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी काकूंना बसायची परवानगी दिली. त्या दुपारी मी वाटीत शिरा घेऊन गेले. दार लोटलेलंच होतं. आतल्या खोलीत टीव्ही स्टुलावर सरळ उभा होता. काकू पलंगाच्या काठावर बसल्या होत्या, फिकट, पण बसलेल्या. तोल जाऊ नये म्हणून काका त्यांच्या उजव्या बाजूला खेटून बसले होते. मालिका लागली होती आणि इतक्या दिवसांच्या सवयीने काकूंची मान आपसूक उजवीकडे कलली, ती काकांच्या खांद्यावर जाऊन टेकली.

"अहो, आता सरळ आहे ना टीव्ही," काकूंच्याच लक्षात आलं.

"असू दे," काका म्हणाले. "दिसतंय ना तुला?"

"दिसतंय."

काका जराही हलले नाहीत. श्वाससुद्धा बेताने घेत होते.

मी शिऱ्याची वाटी घेऊन तशीच मागे फिरले आणि दार पुन्हा होतं तसं लोटून घेतलं.