अण्णांच्या लाल चिठ्ठ्या

पुस्तकवाल्याची झोप उडवली ती शेजारच्या वकिलाने. "अश्लील पुस्तक विकलंस तर लेखकाआधी तू आत," तो म्हणाला. "आणि 'मी वाचलंच नव्हतं' ही सबब कोर्टात चालत नाही बरं का!" झालं! वीस वर्षं पुस्तकं विकणाऱ्या माणसाला पुस्तकं वाचायला सवड कुठली?

शेवटी घरात रिकामे बसलेले सासरे धावून आले. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. "काळजी सोडा, जावईबापू. वावगं दिसलं की त्या पानाला लाल चिठ्ठी लावतो. तेवढी पुस्तकं परत पाठवा."

सगळं ठरलं, पुस्तकवाला खरेदीसाठी बाहेरगावी गेला, फक्त बायकोला सांगायचं राहिलं. आणि सकाळी दुकान उघडायची तीच! अण्णांनी जन्मभर शाळेत लाल चिठ्ठी लावली ती मुलांनी पाठ करावं अशा उताऱ्याला. लेकीला हे पक्कं ठाऊक. चिठ्ठ्या लावलेल्या एका कादंबरीच्या प्रतींचा गठ्ठा पाहून तिला वडिलांचं कोण कौतुक वाटलं! तिने तो थेट दारातल्या टेबलावर मांडला आणि वर पाटी लावली: 'अण्णांची खास निवड. चिठ्ठीचं पान जरूर वाचा.' लोकांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला.

पुस्तकवाला बाहेरगावहून परतला, तोवर नऊ प्रती खपल्या होत्या. पाटी वाचून तो किंचाळलाच. "अगं, काय केलंस हे! आता माहीत नव्हतं म्हणायचीही सोय राहिली नाही. आपणच खुणा करून विकली!"

"मग मला कोणी सांगितलं होतं?" बायको म्हणाली.

तेवढ्यात फौजदार दारात हजर. मागे फणफणलेलं एक गिऱ्हाईक, हातात तीच कादंबरी.

"ही चिठ्ठी कोणाची?" फौजदाराने विचारलं. पुस्तकवाल्याला वाटलं, संपलं! दुकान गेलं, अब्रू गेली, आता बेड्या!

मागच्या खोलीतून अण्णा पुढे झाले. "माझी. जावयाला हात लावू नका, त्याने यातली ओळसुद्धा वाचलेली नाही. न्यायचं तर मला न्या." पुस्तकवाल्याचे डोळे भरून आले. लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासऱ्याने त्याची बाजू घेतल्याची ही पहिलीच वेळ.

फौजदाराने पान उघडून मोठ्याने वाचलं. "'तिने ओले केस मोकळे सोडले आणि खिडकी उघडली. खाली कोणीतरी उभं होतं.'" त्याने पान उलटलं. "मग?"

"मग दुसरं प्रकरण," अण्णा पुटपुटले.

"हीच तर माझी तक्रार आहे!" गिऱ्हाईक उसळलं. "चिठ्ठी लावून विकतात आणि आत काही म्हणजे काही नाही! ही शुद्ध फसवणूक आहे, साहेब!"

फौजदाराने त्याच्यापुढे कागद सरकवला. "लिहून द्या. त्या पानावर तुम्हाला काय हवं होतं, ते सविस्तर. खाली सही आणि घरचा पत्ता."

गिऱ्हाइकाने कागदाकडे पाहिलं. मग "जाऊ द्या हो," म्हणत जो काढता पाय घेतला, तो मागे वळून पाहिलं नाही.

पुस्तकवाल्याच्या जिवात जीव आला. फौजदार मात्र हलेना. त्याने घसा खाकरला. "अण्णा, खिडकीखाली कोण होतं हो?"

अण्णा ओशाळले. "काय सांगू, साहेब! पुढे वाचायचा धीरच झाला नाही."

पुस्तकवाल्याने मुकाट्याने टेबलावरून तीन प्रती उचलल्या. एक फौजदाराला दिली, एक अण्णांना, आणि तिसरी उघडून स्वतः स्टुलावर बसला.

"अहो, मला विचारा ना," बायको म्हणाली. "मी परवाच संपवली. खिडकीखाली ना…"

तिघांनीही एकदम कानांवर हात ठेवले.